शनिवारचा कागद आणि पाठीवरची थाप

गेल्या अंकात मी वाचकांना विचारलं होतं की तुमच्या आयटीआयत, पॉलिटेक्निकात, इंजिनिअरिंग कॉलेजात आठवडाभर जे काही घडतं ते कोणी लिहून ठेवतं का, आणि जे लोक ते घडवतात त्यांना कोणी शाब्बास म्हणतं का. पत्रं भरपूर आली, बरीचशी रात्री उशिरा फोनवर टाइप केलेली, वाचताना कळत होतं की लोकांना हे कधीचं बोलायचं होतं. मी आयटीआयत फिटर ट्रेडचा निदेशक म्हणून लागलो आणि तंत्रनिकेतनातून कार्यशाळा अधीक्षक म्हणून रिटायर झालो, मधे ३४ वर्षं गेली, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे आणि काही उत्तरं लांबलीत, सांभाळून घ्या.

प्रश्न : मी तंत्रनिकेतनात सिव्हिलला अधिव्याख्याता आहे, लागून दोनच वर्षं झाली. आमच्याकडे दर शनिवारी 'आठवड्याच्या घडामोडी' असं एक पान निघतं, नोटीस बोर्डवर लागतं आणि स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतं. यंदा ते काम माझ्याकडे आलंय. आत्तापर्यंत त्यात पाहुणे आले, स्वागत झालं, आभार मानले एवढंच असायचं, कोणी वाचतही नाही. मी काय लिहू? (एक वाचक, मराठवाडा)

उत्तर : मॅडम, ते पान कोणी वाचत नाही कारण वाचणारा त्यात कुठेच नसतो. पाहुणे कोण आले हे ज्याला कळायला हवं त्याला आधीच कळलेलं असतं. तुम्ही सिव्हिलच्या आहात म्हणून तुमच्याच लॅबमधलं सांगतो. काँक्रीटचे क्यूब आपण भरतो, १५० मिलिमीटरचे, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून पाण्याच्या टाकीत टाकतो आणि ७ दिवसांनी काही, २८ दिवसांनी काही असे मशीनवर फोडतो, एम २० ग्रेडचं काँक्रीट म्हटलं की २८ दिवसांची ताकद चौरस मिलिमीटरला २० न्यूटन धरायची, हे मुलं तोंडपाठ सांगतात. पण हे २८ दिवस सुट्टी बघत नाहीत हो. मधे रविवार येतात, गणपती येतात, टाकी थोडी गळत असली की पाणी उतरतं, क्यूब उघडे पडतात आणि मग ताकदीचा आकडा कमी आला की मुलं मिक्स डिझाइनमध्ये, म्हणजे सिमेंट-वाळू-खडीच्या प्रमाणात, चूक शोधत बसतात. आमच्याकडे एक प्रयोगशाळा परिचर होते, ते गौरी जेवल्याच्या दुसऱ्या दिवशी सायकलवर येऊन टाकी भरून जायचे, दरवर्षी, कोणी सांगितलेलं नाही, ओव्हरटाइम नाही, काही नाही. आणि हे मला कळलं कधी, तर एका वर्षी ते आजारी पडले आणि सुट्टीनंतर टाकीतले वरच्या थराचे क्यूब कोरडे ठणठणीत सापडले तेव्हा. तोपर्यंत आमच्या कुठल्याच कागदावर त्यांचं नाव आलेलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

तर ही बातमी. अशा बातम्या ऑफिसात बसून मिळत नाहीत, गुरुवारी दुपारी अर्धा-पाऊण तास काढा आणि वही घेऊन फिरा, आधी वर्कशॉप, मग स्टोअर, मग स्टुडंट सेक्शन, मग हॉस्टेलची मेस, आणि एकच प्रश्न विचारा, या आठवड्यात काय अडलं होतं आणि कोणी सोडवलं? सुरुवातीला सगळे म्हणतील काही नाही मॅडम, रोजचंच, पण तिथेच उभ्या राहा, चहा घ्या, मग सांगतात. मशीन शॉपमधल्या तीन नंबर लेथचा, म्हणजे धातू कातायच्या मशीनचा, बेल्ट तुटला होता, दुपारची बॅच यायच्या आत बदलला म्हणून मुलांचा टेपर टर्निंगचा जॉब बुडाला नाही. वेल्डिंग शॉपमध्ये एका केबलचं वरचं आवरण फाटलेलं निदेशकांना सकाळीच दिसलं, तो सेट बंद ठेवला. स्टुडंट सेक्शनच्या ताई परीक्षेच्या फॉर्मच्या शेवटच्या दिवशी रात्री आठपर्यंत थांबल्या कारण एका मुलीचं आडनाव दहावीच्या मार्कशीटवर वेगळं आणि फॉर्मवर वेगळं पडत होतं. महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा अर्ज परत आलेला, कोणता दाखला कमी आहे ते शोधून क्लार्कनी त्या मुलाला गावी फोन केला. असं लिहा. नाव, काम आणि त्यामुळे काय झालं, तीन ओळीत एक बातमी होते, 'मोलाचे सहकार्य लाभले' हे वाक्य मात्र कायमचं सोडून द्या, त्यातून काहीच कळत नाही. आणि बिघाड पण लिहा, पण बिघाड करणाऱ्याचं नाव नको, कोणी जॉब पकडणाऱ्या चकची किल्ली चकातच विसरून लेथ चालू करायला गेलं होतं एवढं लिहिलं तरी पुढच्या बॅचचे २० जण सावध होतात. ज्याच्याबद्दल लिहाल त्याला छापायच्या आधी वाचून दाखवा, काही लोक लाजतात, आणि कधी कधी खरं काम दुसऱ्यानेच केलेलं असतं, ते तोच सांगतो.

तुम्हाला वाटेल एका पानाने काय होतंय. शं. वा. किर्लोस्करांनी १९२० साली किर्लोस्करवाडीत जे 'किर्लोस्कर खबर' काढलं ते कारखान्याचं घरचं पत्रच होतं, कारखान्यात काय चाललंय आणि माल कसा आहे हे सांगणारं, आणि त्याचं पुढे घराघरात वाचलं जाणारं मासिक झालं. तुमचं पान तेवढं मोठं होऊ दे की न होऊ दे, पण कारखान्यातली गोष्ट लोक आवडीने वाचतात हे तेव्हापासून आपल्याला माहीत आहे.

अजून एक, 'दिन' आले की पान चरित्रांनी भरू नका. १५ सप्टेंबरला अभियंता दिन म्हणून विश्वेश्वरय्यांची तीच माहिती दरवर्षी नेटवरून उतरवतात. त्यापेक्षा मुलांना एवढंच सांगा की ते पुण्याच्या कॉलेजात शिकले, आज ज्याला सीओईपी म्हणतात तिथे, आणि पाणी चढलं की आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याला बसवले. आणि त्याच्याच खाली तुमच्या हायड्रॉलिक्स लॅबचा पंप कोण चालू ठेवतं ते लिहा.

प्रश्न : मी एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजचा प्राचार्य आहे. मला 'महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी' असा पुरस्कार सुरू करायचाय. संस्थेच्या मीटिंगमध्ये मात्र काही सदस्य म्हणाले की पगार देतो ना, मग वेगळं कौतुक कशाला. तुमचं मत काय? (एक प्राचार्य, पश्चिम महाराष्ट्र)

उत्तर : सर, दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगतो. आधी सदस्यांसाठी. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नाव त्यांना माहीत असेलच. ते मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे. चित्रकार व्हायला जे. जे. स्कूलला गेले होते पण काही रंग नीट ओळखू येत नाहीत असं निघालं, म्हणून मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले आणि त्यातच हात बसला. बढतीची वेळ आली तेव्हा ती जागा त्यांना न देता एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली. इंग्रजांचं राज्य होतं, ते कसं चालायचं आपल्याला माहीत आहे. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली, बेळगावला भावाबरोबर सायकलच्या दुकानात लक्ष घातलं, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी. देशाचं भलंच झालं म्हणा, पण त्या वर्गातल्या मुलांचा मास्तर गेला तो गेलाच. पगार तेव्हाही मिळत होता.

आता तुमच्या पुरस्काराबद्दल. मनापासून सांगतो, करू नका. वर्षाला बारा नावं निघणार, स्टाफ दीडशेचा असेल तर बाकीच्यांना दर महिन्याला एकदा कळणार की आपण नाही. तीन-चार महिन्यांनी डिपार्टमेंटवार पाळी लागते, मेकॅनिकलला झाला आता कॉम्प्युटरला द्या, आणि मग ज्याला मिळतो त्यालाही माहीत असतं की पाळी होती म्हणून मिळाला. मी हे जवळून बघितलंय, दुसऱ्या वर्षी त्या संस्थेत पुरस्काराच्या फोटोला लोक उभे राहायला तयार नव्हते. त्याऐवजी राउंडला जाल तेव्हा काम दिसलं की तिथेच, त्या मशीनजवळ, त्याच्या मुलांसमोर बोला, 'हे गेल्या वेळी बंद होतं, तुम्ही चालू केलंत ना?' एवढं पुरतं. आणि खरंच मोठं काम असेल तर तुमच्या सहीचं साधं पत्र द्या, काय केलं ते स्पष्ट लिहून, त्याची एक प्रत त्याच्या वैयक्तिक फाइलला लावा. उद्या तुम्ही नसाल, दुसरे प्राचार्य येतील, फाइल तर तिथेच असेल ना. शाल-श्रीफळाचं बिल वाचेल ते वेगळंच.

प्रश्न : मी तीन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतेय. ५ सप्टेंबरला सगळ्या शिक्षकांना स्टेजवर बोलावून गुलाब देतात, आम्हा सीएचबीवाल्यांना खाली मुलांबरोबर बसवतात, यादीत नावच नसतं. मुलं वळून वळून बघत असतात. मी काही बोलावं का? (एक वाचक, विदर्भ)

उत्तर : बोला बेटा, जरूर बोला, आणि आत्ताच बोला, ४ सप्टेंबरला नाही. तुम्ही एकट्या जाऊ नका, तुमच्यासारखे जे आहेत ते सगळे मिळून विभागप्रमुखांना भेटा आणि मागा काय तर एवढंच की यादी टाइमटेबलवरून करा, पगारपत्रकावरून नको. ज्याचं नाव टाइमटेबलवर आहे तो त्या दिवशी शिक्षक. १९६२ पासून आपण राधाकृष्णन यांच्या जन्मदिवशी शिक्षक दिन पाळतो तो शिकवणाऱ्याचा दिवस आहे, पर्मनंट असण्याचा नाही. आणि हे वाचणारे जे कोणी विभागप्रमुख असतील त्यांना मी हात जोडून सांगतो, तासाचे पैसे किती द्यायचे हे तुमच्या हातात नाही, ते वेळेवर मिळणंही कधी कधी तुमच्या हातात नसतं, पण खुर्ची कुठे ठेवायची हे शंभर टक्के तुमच्या हातात आहे.

प्रश्न : आयटीआयत १७ वर्षं फिटर शिकवतोय. माझी मुलं मोठमोठ्या कंपन्यांत अप्रेंटिस म्हणून लागतात, तिथे टिकतात. पण संस्थेत सत्कार कोणाचा तर जो साहेबांच्या पुढे पुढे करतो त्याचा. आता मनच लागत नाही, येतो, शिकवतो, जातो. असं वाटणं चूक आहे का? (एक निदेशक, खानदेश)

उत्तर : नाही भाऊ, चूक नाही. १७ वर्षं फायलिंग, कानशीने लोखंड घासणं, शिकवणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. मुलगा पहिल्या दिवशी येतो, फाइल, म्हणजे कानस, धरता येत नाही, पाय कसे ठेवायचे माहीत नाही, पहिला जॉब, म्हणजे घासलेला तुकडा, मधे फुगीर आणि कडेला उतरता, ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरला की खालून सगळा प्रकाश दिसतो. आणि तोच मुलगा वर्षभराने मेल-फिमेल फिटिंग, एकात एक बसणारे दोन तुकडे, असं बसवतो की फट दिसत नाही, व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटरचा फरक स्वतःहून बोलून दाखवतो. हे सत्कारात दिसत नाही कारण हे हळूहळू होतं आणि त्याचा फोटो निघत नाही. मला पण एका टप्प्यावर तुमच्यासारखंच झालं होतं, सहा-सात महिने मी फक्त हजेरीपुरता जायचो, आणि त्या बॅचची मुलं कच्ची राहिली, ते मला जास्त लागलं.

मला ज्याने सावरलं ते सांगतो, तुम्हाला पटलं तर घ्या. मी प्रत्येक मुलाचा पहिला जॉब ठेवायला लागलो. त्यावर नाव आणि तारीख पंच करायची, तेल लावून पेटीत टाकायचा, आणि ट्रेड टेस्ट झाली की शेवटच्या जॉबशेजारी त्याच्या हातात द्यायचा. मुलं एकदम गप्प होतात हो. काहींनी ते घरी देवघराजवळ ठेवलेत असं पालक सांगायचे. माझं कौतुक तिथे व्हायला लागलं, मग ऑफिसातलं कमी महत्त्वाचं झालं, पूर्ण गेलं असं नाही म्हणणार.

पण दुसरी बाजू पण सोडू नका. गोपनीय अहवालात आपण स्वतः केलेलं काम लिहायचा जो भाग असतो तो आपल्यातले बहुतेक लोक 'नेमून दिलेली कामे केली' असं लिहून मोकळे होतात. तिथे नीट लिहा, कुठल्या बॅचचे किती लागले, कुठलं बंद मशीन चालू केलं, कोणतं कटिंग टूल भंगारातून बनवलं. पुढे पुढे करणाऱ्याचं बोलणं साहेबांबरोबर बदलीला जातं, लिहिलेलं राहतं. आणि एक काम माझ्यासाठी करा, या शनिवारी तुमच्या भांडारपालांना सांगा की हॅकसॉ ब्लेड वेळेवर दिलेत म्हणून बॅच अडली नाही. त्यांना पण कोणी १७ वर्षांत सांगितलं नसेल.

प्रश्न : खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये पूजा करतो. नारळ कोणी फोडायचा यावरून दरवर्षी कुरबुर होते. काय करावं? (एक वाचक, कोकण)

उत्तर : आदल्या दिवशी मशीन ज्याने पुसलं त्याने फोडायचा. लेथच्या बेडवरची बारीक कीस काढून, गाइडवेला तेल देऊन, व्हाइसचे जबडे घासून मगच झेंडू लागतो ना, मग ते करणाराच मानकरी. आमच्याकडे मी हे सुरू केलं तेव्हा पहिल्या वर्षी स्वीपर मावशींच्या हातात नारळ आला, त्यांनी पदर खोचून असा फोडला की सगळ्या शॉपने टाळ्या वाजवल्या. फक्त निरंजन आणि कापूर कॉटन वेस्ट आणि तेलाच्या डब्यापासून लांब ठेवा, आणि पूजेच्या वेळी मेन स्विच बंद असू दे, मशीनवर पाणी-कुंकू पडतंच.

प्रश्न : आम्ही थर्ड इयर मेकॅनिकलचे विद्यार्थी. आमचे वर्कशॉपचे काका, शिपाई पदावर आहेत, या महिनाअखेरीला रिटायर होताहेत. वर्गणी काढून तीन हजार जमलेत. सर म्हणतात भिंतीवरचं घड्याळ द्या, आम्हाला वेगळं काहीतरी करायचंय. काय करू? (विद्यार्थी, नाशिक विभाग)

उत्तर : पोरांनो, तुमचं पत्र वाचून मी दोन मिनिटं थांबलो. घड्याळ नको, रिटायर झालेल्या माणसाच्या घरी चार घड्याळं असतात, माझ्याकडे पाच आहेत. शिपाई पदावरचा माणूस साठाव्या वर्षी निवृत्त होतो, म्हणजे तुमच्या काकांनी तुमच्या आधीच्या किती बॅच बघितल्या असतील विचार करा, काहींचे आता कारखाने असतील. तर पैसे राहू द्या बाजूला, आधी त्यांना शोधा. तुमच्या सरांकडून जुन्या मुलांचे नंबर मिळतील, प्रत्येकाला एकच विचारा, काकांनी तुझ्यासाठी काय केलं होतं? जे येईल ते एका वहीत हाताने लिहून काढा, प्रिंट नको. कोणी लिहील की प्रॅक्टिकलच्या दिवशी ॲप्रन विसरलो होतो, काकांनी स्वतःचा दिला. कोणी लिहील बोट कापलं तेव्हा पहिली पट्टी त्यांनी बांधली. जसं येईल तसं, शुद्धलेखन तपासत बसू नका.

मग पितळेचा राउंड बार आणा, त्याचा एक छोटा गोल पेपरवेट तुम्हीच लेथवर टर्न करा, फेसिंग, नर्लिंग, पॉलिश, वर त्यांचं नाव आणि रुजू झाल्याचं आणि निवृत्तीचं वर्ष कोरा. सगळ्यांचा हात लागला पाहिजे, एकाने फेसिंग केलं तर दुसऱ्याने नर्लिंग. पितळेचा भाव आणि वही धरून पैसे उरतील, त्यातून काकूंसाठी साडी घ्या आणि कार्यक्रमाला घरच्यांना बोलवा, त्यांच्या नातवंडांना सुद्धा. सेमिनार हॉलमध्ये करू नका, वर्कशॉपमध्येच करा. आणि भाषणं झाल्यावर काकांना सांगा की आम्हाला शेवटचं एकदा शॉप बंद करून दाखवा, ते जसं रोज करतात तसं, पंखे, मग दिवे, मग मेन, मग खिडक्या, मग कुलूप. तुम्ही सगळे बाहेर उभे राहून बघा. त्यांचा क्रम कोणीतरी लिहून घ्या, दुसऱ्या दिवशी सकाळी जो कोणी नवीन येईल त्याला तोच लागणार आहे.